सोवळ्यातला बाख

योहान मॅथेसन नावाचा एक जर्मन संगीतकार होता. तो गायचा, वाजवायचा, रचनाही करायचा, पण त्याचा खरा जीव टीका करण्यात. १७१३ साली त्याने ल्यूट नावाच्या तंतुवाद्याच्या वादकांचा हिशेब मांडून ठेवला: ल्यूट वाजवणारा ऐंशी वर्षं जगला, तर त्यातली साठ वर्षं त्याने खुंट्या पिळण्यात घालवली असं खुशाल समजावं. शिवाय पॅरिसमध्ये ल्यूट बाळगायला घोडा बाळगण्याइतका खर्च येतो, असंही त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या काळी रेकॉर्डिंग नव्हतं म्हणून हिशेब तिथेच थांबला. असतं, तर उरलेल्या वीस वर्षांचाही त्याने निकाल लावला असता: पाच वर्षं नखं घासण्यात, पाच माइक बोटभर इकडे-तिकडे सरकवण्यात, पाच वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग थांबायची वाट बघण्यात आणि पाच ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणण्यात. वाजवणं मधल्या मधे कुठेतरी उरकून जातं.

हे मी साक्षीदाराच्या अधिकाराने लिहितो आहे. माझा एक मित्र पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, क्लासिकल गिटारवर बाख रेकॉर्ड करतो. पोटापाण्यासाठी तो दुसरं काहीतरी करतो. त्याबद्दल तो फारसं बोलत नाही आणि त्याचे साहेबही फारसं चांगलं बोलत नसावेत. रेकॉर्डिंगच्या वेळी माझ्याकडे दोन कामं असतात: खूण केली की बटण दाबायचं आणि त्यानंतर श्वास घ्यायचा नाही. पहिलं काम मला उत्तम जमतं.

बाख बरोक काळातला. बरोक संगीत म्हणजे ढोबळ मानाने १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं युरोपातलं संगीत. ते रेकॉर्ड करणाऱ्याला एकाच गोष्टीचा ध्यास असतो, शुद्धतेचा. माझी आजी सोवळ्यात असली की घरातलं मांजरसुद्धा भिंतीच्या कडेकडेने जायचं. मित्राने हेडफोन चढवला की त्याच्या घरात तेच वातावरण होतं. पंख्याला शिवायचं नाही. फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ कपाटात, गोधड्यांच्या खाली. माझ्या शर्टाची गुंडी खुर्चीला जरा लागली, तर तेवढ्या ‘टिक्’ने आलेमांद नावाचा अख्खा नाच ओवळा होतो आणि सगळं पहिल्यापासून.

गंमत अशी की एवढ्या सोवळ्यात जो नैवेद्य शिजत असतो, त्याचं कुळ तपासायला जावं तर एक कागद धड सापडत नाही.

गिटारपासूनच सुरुवात करू. बाख १७५० साली वारला. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचं अंगरूप ठरवलं स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसने, आणि त्याचा जन्मच १८१७चा. बाखच्या काळी गिटार नव्हती असं नाही; पण ती लहानखुरी, पाच जोडतारांची, फ्रेट म्हणून मानेला आतड्याच्या दोऱ्या बांधलेली. फ्रान्सचा चौदावा लुई ती वाजवायचा, त्याच्या दरबारी गिटारवादक रोबेर द व्हिझे होता. स्पेनमध्ये गास्पार सान्सने १६७४ साली गिटारवर पुस्तक काढलं. खास गिटारसाठी लिहिलेलं अस्सल बरोक संगीत असं पोत्याने आहे. पण गिटारवाल्यांचं त्यावर भागत नाही. त्यांना बाख हवा. आणि बाखने गिटारसाठी एक ओळ लिहिलेली नाही.

“मग तू वाजवतोस ते काय आहे?” मी विचारलं.

“ल्यूटचं.”

हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की मी उगाचच चौकशी करायला लागलो. बाखच्या नावावर ल्यूटच्या म्हणून सात रचना सांगतात. त्यांतल्या, बाखच्या रचनांच्या सूचीत ९९६ क्रमांक असलेल्या सुईटच्या (सुईट म्हणजे नृत्यांची माळ) एका जुन्या हस्तलिखितावर कुणीतरी नोंद करून ठेवली आहे: लाउटेनवेर्कसाठी. लाउटेनवेर्क म्हणजे ल्यूट नव्हे. ल्यूटचा भास व्हावा म्हणून आतड्याच्या तारा लावलेलं, पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य ते. म्हणजे घराण्याने हार्प्सिकॉर्ड. बाखच्या मागे घरातल्या सामानाची यादी झाली, तीत अशी दोन लाउटेनवेर्कं निघाली. त्या काळातलं एकही आज जगात शिल्लक नाही, त्यामुळे त्याला साक्षीला बोलावण्याची सोय नाही. ९९८ क्रमांकावर तर खुद्द बाखच्या हातचं आहे: ल्यूटसाठी किंवा हार्प्सिकॉर्डसाठी. एवढा मोठा माणूस आणि ‘किंवा’ लिहून मोकळा! ९९५ त्याने एका गृहस्थाला ल्यूटसाठी म्हणून स्वच्छ लिहून दिली, तर तीत खर्जाचा एक सूर असा घातला की तेरा जोड्यांच्या नेहमीच्या ल्यूटवर तो नाहीच. शिवाय ही ९९५ जन्माने ल्यूटची नव्हे. चेलोसाठी लिहिलेल्या पाचव्या सुईटला त्याने स्वतःच दिलेलं ते दुसरं रूप.

म्हणजे चेलोचं ल्यूटला दिलं, ल्यूटला ते पुरतं पेललं नाही, पट्ट्यांच्या वाद्याने मधेच हक्क सांगितला आणि अखेर सहा तारांची गिटार सगळं उचलून घरी घेऊन आली. चोवीस तारांचं काम सहा तारांवर करायचं तर पट्टी बदलावी लागते. जी मायनरमधली रचना ए मायनरमध्ये आणायची, सी मायनरमधलीही ए मायनरमध्येच, ई फ्लॅटमधली डीमध्ये. खर्जाचे जे सूर उरतात त्यांना एक सप्तक वर ओढून बसवायचं. हे सगळं यथासांग झाल्यावर मित्र माझ्याकडे रोखून बघतो आणि म्हणतो, “अरे, तुझी खुर्ची करकरली. अस्सल वाटत नाहीये.”

अस्सलपणाच्या कट्टर पंथात तारा आतड्याच्या हव्यात, मेंढीच्या. हे मित्राच्या आईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी गिटार देवघराच्या भिंतीपासून हलवायचा हुकूम काढला. त्यांची समजूत घालताना नायलॉनचा इतिहास सांगावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागायला लागलं, तारांना मिळेनासं झालं. तेव्हा न्यू यॉर्कच्या ॲल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा काढल्या, गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या आणि जगभरच्या गिटारी शाकाहारी झाल्या. आईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे प्लास्टिकच ना? मग असू दे. प्लास्टिकला सोवळं-ओवळं नसतं.” बरोक शुद्धतेच्या पायाबद्दल इतकं नेमकं विधान मी जाणकारांच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

मात्र खर्जाच्या तीन तारा निव्वळ नायलॉनच्या नसतात. नायलॉनच्या बारीक धाग्यांवर धातूची तार गुंडाळलेली असते. डाव्या हाताची बोटं त्यांच्यावरून सरकली की ‘चुईं’ असा आवाज येतो. समोर बसून ऐकताना तो कुणाला जाणवत नाही. माइकला मात्र तोच आधी जाणवतो. सॅराबँड चाललेला असतो, सूर लांबून, तोलून येत असतात आणि दोन सुरांच्या मधे ‘चुईं’. त्यावर घासून गुळगुळीत केलेल्या तारा मिळतात. त्या चुईं कमी करतात आणि सुराची झळाळीही थोडी खातात. मित्राचं मत, चुईं गेलीच पाहिजे. माझं मत, या अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये चुईं हा एकच आवाज असा आहे की जो चेलोकडून, ल्यूटकडून किंवा लाउटेनवेर्ककडून उसना आणलेला नाही. तो निखळ गिटारचा. तो तरी ठेवावा.

नखांबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण तो मित्राच्या संसाराचा प्रश्न आहे. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्या हाताची मुळापासून कापलेली. वाढवलेल्या नखांना कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक. नख तुटलं तर टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून गोंदाने चिकटवायचा, ही जगभरच्या गिटारवाल्यांची मान्यताप्राप्त विद्या आहे. एका नखाची कड खरबरीत राहिली तर सूर पत्र्यावर खरवडल्यासारखा येतो. म्हणून मित्र भांडी घासत नाही, खोबरं खवत नाही, गॅसचं सिलिंडर सरकवत नाही. “बाखला वीस मुलं होती,” वहिनी एकदा म्हणाल्या, “त्याच्या घरी कोण घासत होतं भांडी?” यावर मित्राने तारा जुळवायला घेतल्या.

सुरांच्या उसनवारीला मात्र फार थोर परंपरा आहे. ४ जून १९३५ रोजी सेगोव्हियाने पॅरिसमध्ये बाखची शाकोन गिटारवर वाजवली. ती मुळात एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली. एवढं मोठं देवालय या वाद्याच्या ओसरीत मावेल का, अशी शंका असणारे लोक होते. मैफल झाल्यावर गिटारवाल्यांनी शाकोन जी घरी नेली ती आजतागायत परत केलेली नाही. पण सेगोव्हियाची खरी कमाल वाइसच्या बाबतीतली.

सिल्व्हिउस लेओपोल्ड वाइस हा ड्रेस्डेनच्या दरबारातला ल्यूटवादक, बाखच्याच काळातला. दोघे एकाच वर्षी, १७५० साली वारले. इतका नावाजलेला की १७२२ साली पेटी नावाच्या एका फ्रेंच व्हायोलिनवाल्याने त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेरच चावून तोडायचा प्रयत्न केला. आपल्याकडेही संगीतातली भांडणं कमी नाहीत. परंतु एका घराण्याचा माणूस दुसऱ्या घराण्याचा अंगठा तोंडात धरतो, इथपर्यंत आपली मजल गेलेली माझ्या ऐकिवात नाही. वाइसचा अंगठा वाचला आणि त्याने शेकडो रचना मागे ठेवल्या. सेगोव्हियाला त्यांतल्या एखादीवर भागवता आलं असतं. पण त्याचा मित्र, मेक्सिकोचा मान्वेल पोन्से, याने बरोक धाटणीची ए मायनरमधली एक सुईट स्वतःच लिहिली, सेगोव्हियाने ती वाइसची म्हणून मैफलीत वाजवली आणि १९३० साली वाइसच्याच नावाने तिची तबकडी काढली. लोकांनी माना डोलावल्या. व्हायोलिनवाला फ्रिट्झ क्राइसलर तरी काय करत होता? जुन्या उस्तादांच्या नावाखाली आपल्याच रचना खपवत होता, आणि १९३५ साली त्याने ते जाहीरपणे सांगूनही टाकलं. पोन्सेची सुईट आज पोन्सेच्या नावाने वाजते. ती तेव्हाइतकीच सुंदर आहे. फक्त आता तिला ‘अस्सल’ म्हणता येत नाही, एवढाच तिच्यात बिघाड झाला.

मित्राला मी ही गोष्ट मोठ्या खुशीने सांगितली. तो म्हणाला, “ते जाऊ दे. पडदा लावलास का?”

कारण आता जागेचा प्रश्न. गिटार हे हळू आवाजाचं वाद्य. माइक जवळ ठेवला तर वादकाचं नाक जास्त आणि बाख कमी ऐकू येतो. लांब ठेवला तर खोली बोलायला लागते. म्हणून ज्यांना परवडतं ते चांगल्या बोलणाऱ्या खोलीत जातात, म्हणजे बहुतेक वेळा चर्चमध्ये. इंग्लंडच्या जुलियन ब्रीमने आपल्या कितीतरी तबकड्या विल्टशायरमधल्या वॉर्डर चॅपलमध्ये केल्या. नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीच्या गिटारच्या असंख्य सीडी कॅनडात, न्यूमार्केट गावच्या सेंट जॉन क्रिसोस्टम चर्चमध्ये झालेल्या आहेत. पियानोवाला ग्लेन गूल्ड याने १९५५ साली बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स रेकॉर्ड केली तो न्यू यॉर्कचा स्टुडिओही पूर्वाश्रमीचं चर्चच. गूल्ड वडिलांनी बेतून दिलेली खुर्ची सगळीकडे बरोबर न्यायचा. ती करकरायची, वाजवताना तो स्वतः गुणगुणायचा, आणि हे दोन्ही आवाज रेकॉर्डमध्ये ऐकू येतात. हा मुद्दा मी माझ्या खुर्चीच्या बचावासाठी मांडला होता. “तू गूल्ड हो, मग करकर,” असा निर्णय लागला.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर चॅपल मिळत नाही. बेडरूम मिळते. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीला रग लावला, कपाटाची दारं कपड्यांसकट उघडी टाकली. मग दोन माइक. फ्रेंच रेडिओवाल्यांनी ठरवून दिलेली एक पद्धत आहे: दोन माइकांमध्ये सतरा सेंटिमीटर अंतर आणि एकशेदहा अंशांचा कोन. अंतर मोजायला वहिनींची शिवणाची टेप आणि कोनासाठी मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक. दुसऱ्या दिवशी तिचा भूमितीचा पेपर होता. तिने कोनमापकाशिवाय काय केलं ते घरात कुणी विचारत नाही.

राहता राहिली शांतता. पुण्यात शांततेचा मुहूर्त काढायला बसलं की कॅलेंडर भराभर संपतं. पावसाळ्यात खालच्या पार्किंगच्या पत्र्यावर पाऊस वाजतो आणि दमट हवेने गिटारचं लाकूड फुगून सूर चढ-उतर करतो. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. त्यानंतर लग्नसराई आणि कार्यालयांतले बँड. उन्हाळ्यात हवा कोरडी, सूर टिकतो. पण पंखा बंद ठेवून मे महिन्यात फ्यूग वाजवणं ही संगीतापेक्षा तपश्चर्येची शाखा आहे. तेव्हा मध्यरात्र. मध्यरात्री कुत्री आहेत, पण कुत्री निदान आपापसात तरी ठरवून थांबतात. पहाटे पहाटे जरा सामसूम होते. मित्र तारा लावतो, डोळे मिटतो, प्रेल्यूडचा पहिला सूर सुटतो आणि खिडकीबाहेर कोकीळ सुरू होतो.

इथे सुराची एक भानगड सांगायला हवी. बरोकवाले ए हा सूर आजच्या ४४०ऐवजी ४१५ कंपनांवर लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. हीच खरी जुनी पट्टी असं समजून मित्र मोठ्या श्रद्धेने तारा उतरवतो. वास्तविक त्या काळी गावोगाव सूर वेगळा. बाखच्या लाइपझिगमध्ये चर्चच्या ऑर्गनचा सूर इतर वाद्यांपेक्षा वर होता, म्हणून बाखला ऑर्गनवाल्याचा कागद वेगळ्या पट्टीत लिहून द्यावा लागे. ४१५ हा आपल्याच काळातल्या मंडळींनी सोयीसाठी मान्य केलेला आकडा. कोकिळाची या ठरावावर सही नाही. तो एका सुरावर सुरू करतो, प्रत्येक हाकेला थोडा वर चढतो आणि नेमका ४१५ ओलांडून पुढे जाऊन थांबतो. मित्र म्हणाला, “ऐक, तो ४४०ला गेला.” आवाजात चीड होती, पण थोडा आदरही होता.

कोकीळ गेला की दुसरं काम. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतताही रेकॉर्ड करून ठेवावी लागते. दोन टेक जोडताना मधे जी फट राहते, तीत काहीच नसलं तर कान दचकतो; म्हणून त्या फटीत त्याच खोलीतली, त्याच रात्रीची शांतता भरायची. ती जमा करताना कुणी हलायचं नाही. असेच आम्ही दोघं अंधारात, पंखा बंद, गाद्यांच्या मधोमध, पुतळ्यासारखे बसलो होतो आणि वॉचमनने बेल दाबली.

“सर, सगळं ठीक आहे ना? खिडकीत रग दिसला.”

“हो हो. रेकॉर्डिंग चाललंय.”

“कशाचं? आवाज तर काहीच नाही.”

“त्याचंच.”

तो खाली गेला. पण त्या रात्री त्याची शिट्टी नेहमीपेक्षा जास्त वेळा आमच्याच बाजूला वाजली. ती शांतताही रद्द करावी लागली.

आता प्रत्यक्ष वाजवण्याबद्दल, कारण मधल्या मधे तेही असतं. बरोकमधली नृत्यं, म्हणजे आलेमांद, कूरांत, सॅराबँड, जिग, दोन भागांची असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा असतो. दुसऱ्या फेरीत वादकाने आपल्या पदरचे अलंकार घालावेत अशी अपेक्षा. कुठे घालायचे, किती घालायचे, यावर पंडितांत एकमत नाही. ट्रिल हा अलंकार वरच्या सुरावरून सुरू करायचा हे बहुतेकांना मान्य, पण तो कधी तसा करायचा नाही यावर ग्रंथ आहेत. बाखने आपल्या मोठ्या मुलासाठी १७२० साली वही घातली, तिच्यात अलंकारांचा एक तक्ता लिहून दिला. तो तक्ता मित्राच्या भिंतीवर आहे. कपाटाचं दार उघडं टाकलं की त्याच्या मागे जातो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मित्र मनाने अलंकार घालतो.

एकदा त्याचे सासरे आले होते. ख्याल ऐकण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी सॅराबँड डोळे मिटून ऐकला आणि दुसऱ्या फेरीत योग्य त्या जागी “वाहवा!” दिली. एवढा निर्दोष टेक त्या आठवड्यात झाला नव्हता. माइकने वाहवाही निर्दोष टिपली. मित्राचा चेहरा बघून ते गोंधळले. “चुकलं का काही? जागा छान घेतलीत म्हणून म्हटलं.” त्यांना समजावता समजावता आमच्याच लक्षात आलं की काय समजावतोय ते धड सांगता येत नाही. ज्या संगीतात जागा ऐनवेळी सुचावी अशी अपेक्षा आहे, ते आम्ही अशा रीतीने पकडत होतो की जागा सुचलेली कुणाला कळताच कामा नये. सासऱ्यांनी शेवटी विचारलं, “मग दुसऱ्यांदा वाजवता कशाला? पहिलंच पुन्हा लावायचं.” मित्र चमकला. कारण संगणकावर पहिली फेरी कापून दुसरीच्या जागी डकवणं हे दोन बटणांचं काम आहे, आणि तो मोह झाला नाही असा रेकॉर्डिंगवाला शोधूनही मिळणार नाही.

कापाकापीला शास्त्राधारही आहे. गूल्डने १९६४ साली मैफली सोडल्या आणि १९६६मध्ये रेकॉर्डिंगवर एक मोठा लेख लिहिला. त्यात बाखच्या ए मायनर फ्यूगची हकिगत आहे. सहावा आणि आठवा असे दोन टेक निर्दोष होते; पण एक जरा जास्तच गंभीर आणि दुसरा जरा जास्तच उड्या मारणारा. दोन्हींची लय जुळत होती, म्हणून त्याने सहाव्याच्या मधोमध आठवा बसवला आणि सलग वाजवून मिळाला नसता असा फ्यूग तयार केला. मित्र हा लेख धर्मग्रंथाच्या जागी मानतो. अडचण एवढीच की गूल्डकडे जोडण्यासाठी दोन निर्दोष टेक होते. मित्राकडे निर्दोष तुकडे असतात. एका टेकची पहिली ओळ, दुसऱ्याचा शेवट, तिसऱ्यातला एकच ‘ई’ सूर. आणि त्या ‘ई’च्या मागे कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी संपत आलेली. ती शिट्टी काढायला तो रात्रभर बसला. काढली, तर सूर पोकळ वाटायला लागला. परत घातली. आज ती रेकॉर्डमध्ये आहे. जिथे शिट्टी आहे तिथेच एका जाणकाराने ‘खर्जाला अनपेक्षित वजन’ असा शेरा दिला.

शेवटचा संस्कार म्हणजे चर्च. गाद्या, रग आणि कपडे लावून खोलीतला सगळा घुमारा मारून टाकलेला असतो, तेव्हा आता तो घालायला हवा. खऱ्या चर्चमध्ये जाऊन लोक फुगा फोडतात किंवा पिस्तुलाचा बार काढतात, तो आवाज कसा घुमत विरत जातो ते टिपून घेतात आणि त्यावरून संगणकाला ते चर्च शिकवतात. मित्राच्या लॅपटॉपवर अशी चर्चंच्या चर्चं आहेत. लहान चॅपल, मध्यम चॅपल, दगडी कॅथेड्रल. स्वयंपाकघरातला फ्रिज, कपाटातलं घड्याळ, कोकीळ, वॉचमन, सासरे, एवढ्या सगळ्यांना बाहेर काढून झाल्यावर तो एक यादी उघडतो आणि कधीही न पाहिलेल्या गावातल्या चर्चमध्ये बाखला नेऊन बसवतो. मग हेडफोन काढून, घाम पुसत म्हणतो, “आता अस्सल वाटतंय.” माझ्या आजीने हे सोवळं पाहिलं असतं तर तिला स्वतःचं फार ढिलं वाटलं असतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याला सोवळ्याचं वेड मुळीच नव्हतं. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या तिसऱ्या पार्टिटाचा प्रेल्यूड बाखने १७३१ साली नगरपरिषदेच्या समारंभासाठी काढला, ऑर्गनला दिला आणि वर ट्रम्पेट आणि नगारे घातले. पुढे तीच पार्टिटा ल्यूटच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या रचनांत जाऊन बसली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चर्चचा रविवार तोंडावर आला की हाताशी असेल ते काढायचं, समोर असतील त्या वाजवणाऱ्यांना द्यायचं आणि पुढच्या रविवारच्या तयारीला लागायचं, हा त्याचा धर्म. त्याला पुण्याच्या त्या बेडरूममध्ये आणून बसवलं असतं तर तो ४१५ की ४४० विचारत बसला नसता. त्याने विचारलं असतं, बिदागी किती?

हे मी उगाच म्हणत नाही. १७३० साली त्याने एर्डमान नावाच्या आपल्या जुन्या मित्राला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात संगीताचं सौंदर्य वगैरे शोधायला जाऊ नये. पगाराची आणि वरकमाईची तक्रार आहे. लाइपझिगमध्ये त्याच्या वरकमाईचा मोठा भाग अंत्यविधींचा. माणसं जास्त मेली तर कमाई वाढायची, हवा चांगली राहिली तर घटायची; आणि आदल्या वर्षी हवा इतकी चांगली होती की त्याचे शंभर थालरांहून जास्त बुडाले.

मित्राच्या बाखलाही लोक इंटरनेटवर ऐकतात आणि त्याचे पैसे येतात. वर्षाअखेर त्याने मला हिशेब दाखवला. माइक, तारा, पॉलिश पेपर आणि चर्चं यांचा खर्च वजा जाता बरंच देणं निघत होतं. तो खिन्न झाला. मी मात्र हिशेब पुन्हा पुन्हा वाचला. वाद्य दुसऱ्याचं, पट्टी दुसऱ्याची, तारा नायलॉनच्या, चर्च लॅपटॉपमधलं. पण या कागदावर पहिल्यांदाच कुठलीही तडजोड नसलेलं, सतराशेतीसचं, शंभर नंबरी बाखचं काहीतरी उतरलं होतं. फरक एवढाच की बाखला निदान चांगल्या हवेवर खापर फोडता आलं. पुण्यात तीही सोय राहिलेली नाही.